बांधावरच्या बाटल्या

वरवंडच्या शिवारात कुणी कुणाला औषधाचं नाव सांगत नाही. विचारायची गरजही पडत नाही. फवारणी झाली की रिकाम्या बाटल्या बांधावर पडतात, आन् शेजारी येता-जाता त्या वाचून जातो. बापूसाहेब तर वाकून वाचायचा. स्वतःचं डोकं चालवायचं म्हटलं की मेल्याला ताप भरायचा!

सुलक्षणाचा हा थोरला दीर. नवरा गेल्यापासून तिच्या रानावर याचा डोळा. मागल्या साली त्यानं मुद्दाम पाटाचं पाणी तिच्या साखरबीटात सोडलं. बीटाला साचलेलं पाणी सोसत नाही. सगळे कंद जमिनीतच कुजले. वर हा शहाणा भावकीत म्हणाला, "औंदा कारखान्याचा साहेब दोघांच्या बीटाची साखर मोजंल. तुझी कमी भरली, तर तुझं रान मी कसणार."

"व्हय," सुलक्षणा म्हणाली. मनात म्हणाली, थांब, तुझी चांगली जिरवते.

शेवटी शेवटी पाला आवरला, की बीटाची साखर खाली कंदात उतरते. तिनं पाल्याची वाढ रोखणारं औषध मारलं, पानांवर बोरॉन आन् पालाश ही खतं फवारली, आणि रिकाम्या पुड्या गोठ्यामागं पुरल्या. मग शिरूरकडच्या माहेरच्या द्राक्षबागेतून जिब्रेलिकच्या रिकाम्या बाटल्या पिशवी भरून आणल्या. द्राक्षाचा घड लांबवायचं औषध ते. बीटाला दिलं तर बीट कंद सोडून फुलोऱ्याला धावतं. त्या बाटल्या तिनं बांधावर फेकल्या, शेजारी पाला माजवणाऱ्या युरियाची रिकामी गोणी.

झालं! दुसऱ्याच दिवशी बापूसाहेबाचा पंप पाठीवर. त्याचं बीट असं तरारलं, की बघणाऱ्याची दृष्ट लागावी. सुलक्षणाचं ठेंगणं रान बघून तो पारावर म्हणायचा, "औषध काय कुणीबी मारतं, पण हाताला गुण लागतो!" ती पदराआड हसायची. हसून हसून पोट दुखायचं तिचं.

काढणीला भावकी गोळा झाली. साहेबानं दोन्हीकडचे कंद उपटले. तिचे भरदार. बापूसाहेबाच्या बीटाला फुलोऱ्याचे कमरेइतके दांडे, आणि खाली मुळ्याएवढं लाकूड. रसाचा थेंब यंत्रावर ठेवला. तिची साखर त्याच्या दुप्पट भरली.

"बापूसाहेब, फवारलं काय होतं तुम्ही?" साहेबानं विचारलं.

बापूसाहेबानं सुलक्षणाकडं पाहिलं. कळलं त्याला, सगळं कळलं. पण बोलतो काय? भावजयीच्या बांधावरचा कचरा वाचून शेती करतो, हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगणार?

"माझ्याच... अकलेनं मारलं," तो पुटपुटला. भावकी खो खो हसली.

सुलक्षणाच्या काळजात गारवा पसरला. वर्षभराचं उकळतं पाणी आज निवलं. तिनं पदर सारखा केला आणि अदबीनं म्हणाली, "माझं रान मी कसते, भाऊजी. तुमचं कसायला बघू का कुणी?"