किटलीभर गरम पाणी

एल्डनच्या रायफली तपासायचं काम त्याच्या मुलीनं माझ्या गळ्यात मारलं. मार्नी राहते तीन तासांवर, शहरात. मागच्या महिन्यात एल्डननं ट्रकची किल्ली फ्रिजमध्ये ठेवली आणि दोन दिवस घरभर शोधली, तेव्हापासून तिची झोप उडालीय. मला फोनवर म्हणाली, "डेल काका, तुम्ही दर शनिवारी त्यांच्याबरोबर असता. बाबा बंदुकांचं काही विसरायला लागले की मला सांगा. त्या दिवशी अकराच्या अकरा उचलून नेईन." मी हो म्हटलं. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

वास्तविक त्या अकरा रायफली नेल्या तर एल्डनकडे उरतं काय? बायको, ओपल, दोन वर्षांपूर्वी गेली. आहेत त्या ह्याच, कुठल्या कुठल्या लष्करांनी मोडीत काढलेल्या.

आमचा शनिवार म्हणजे चुनखडीच्या बंद खाणीतलं क्लबचं मैदान, थर्मासातली कॉफी आणि प्रत्येकी वीस गोळ्या. पूर्वी साठ असायच्या. आता विसातच खांदा काळानिळा होतो. त्या शनिवारी माझ्या रशियन रायफलीचा बोल्ट, नळी मागून बंद करणारा दांडा, अडकला, तेव्हा मी नेहमीसारखी लाकडी हातोडी घेतली.

"ठोक, ठोक," एल्डन म्हणाला. "तुझ्यापेक्षा तीच बरी, ठोकल्यावर उघडते तरी."

मी हसलो. पाच मिनिटांनी त्यानं तेच वाक्य पुन्हा म्हटलं, तितक्याच मजेत. ह्या वेळी मला हसू आलं नाही.

आमची काडतुसं रायफलींइतकीच जुनी, पत्र्याच्या सीलबंद डब्यातली. त्यांच्या बुडाशी ठिणगी देणारी टोपी असते, गोळी उडाली की तिच्यातला क्षार नळीत बसतो. त्याच दिवशी नरसाळं लावून किटलीभर उकळतं पाणी नळीतून ओतायचं आणि मग तेल द्यायचं. एक दिवस चुकलात तर सत्तर-ऐंशी वर्षं टिकलेल्या नळीला गंज चढतो. तेव्हा एल्डनचं डोकं कुठवर शाबूत आहे, हे नळीत डोकावलं की कळणार होतं.

रविवारी दुपारी मी त्याच्याकडे गेलो. म्हटलं, तुझी फिनलंडची रायफल बघायचीय.

"मार्नीनं पाठवलं ना?" तो म्हणाला. "बघ. सगळ्या बघ. खिडकीशी उजेड चांगला आहे."

मी ओशाळलो, पण बघितल्याच. एकेकीचा बोल्ट काढून नळी उजेडाकडे धरली. अकराही आरशासारख्या लख्ख. प्रत्येकीच्या खटक्यापाशी सुतळीनं एक पुठ्ठ्याची चिठ्ठी बांधलेली, तिच्यावर पेन्सिलीनं तारीख आणि खाली 'पाणी, तेल'.

"हे काय? मढ्याच्या अंगठ्याला बांधतात तसं?"

"ओपल किटली ठेवायची," तो म्हणाला. "शिट्टी वाजली की हाक मारायची, मग मी उठायचो. आता हाक कोण मारणार? म्हणून लिहून ठेवतो. तू काय करतोस?"

"मला लागत नाही असलं काही. बत्तीस वर्षांत एकदा चुकलो नाही."

"तू काय बाबा, हुशार," एल्डन म्हणाला आणि त्यानं मला बरणीतलं एक लोणच्यातलं अंडं दिलं.

घरी आलो तेव्हा पाय भरून आले होते. तरी रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशीची कोरडी चिंधी फिरवायला माझी रायफल काढली. चिंधी नळीतून बाहेर आली ती विटकरी. दुसरी घातली, तीही तशीच. मी खिडकीशी गेलो, नळीत पाहिलं आणि खुर्चीत बसलो.

काल किटली ठेवलेली मला स्वच्छ आठवत होती. पाणी भरलं होतं, शेगडीवर ठेवली होती. उठून स्वयंपाकघरात गेलो. किटली शेगडीवरच होती, गळ्यापर्यंत भरलेली, गार. मी गॅस पेटवलाच नव्हता. सकाळी तिच्या शेजारीच मी चहा केला होता, वेगळ्या भांड्यात, आणि मला काही वाटलं नव्हतं.

मला भीती वाटली. काल त्याचं वाक्य मोजत होतो मी, नाकानं कांदे सोलत.

फोन वाजला. मार्नीच.

"काका, जाऊन आलात? खरं सांगा हं. तुम्ही म्हणाल ते मी करीन."

"अकराही लख्ख आहेत. त्याच्याकडेच राहू दे."

"देवा! मला किती बरं वाटलं. तुमच्यासारखं माणूस जवळ आहे म्हणून—"

"थांब जरा," मी म्हणालो. चिंधी अजून माझ्या मुठीत होती. "त्याला एक निरोप दे. पुढच्या शनिवारपासून माझी नळी त्यानं तपासायची. आणि एक चिठ्ठी माझ्यासाठी आणायची, सुतळीसकट."

ती हळू म्हणाली, "का हो काका?"

"तुझ्या बापाला ठाऊक आहे पोरी, आपण विसरतो ते. मला माझं आज कळलं."