शाबूत तार

वीज मोजणारा काटा थरथरला, रोजच्या जागी जाऊन थांबला... म्हणजे वीज देऊळगाव राजापर्यंत पोचत होती, तिकडच्या टेबलावर खटका वाजत असणारच. आणि तरी मेहकरच्या तारघरात जानरावांच्या बोटाखालची कळ मुकीच. त्यांनी पुन्हा हाक टाकली. पुन्हा काटा हलला. माणूस मात्र नाही. दगडाखाली दाबून ठेवलेले, पाठवायच्या तारांचे कागद तसेच पडून होते.

गेले काही आठवडे हेच. सकाळभर लाइन गप्प, आणि जानराव दुपारी भाकर खायला उठले, पोस्टमास्तर रंगराव त्यांच्या जागी बसले, की बोलू लागायची. "काय हो जानराव, लाइन तुमच्यावर रुसली का काय? मी हात लावला की लाडात येते!" आणि हसणे आटोपून रंगरावांनीच निदान केले होते — दवाने ओली फांदी सकाळी तारेला टेकते, उन्हाने वाळली की सुटते, फांद्या छाटणे लाइनमनचे काम. लाइनमन म्हणजे कचरू, जानरावांचा मेहुणा, अजून नोकरीत कायम न झालेला. बुलढाण्याच्या साहेबांनी आज जानरावांचे म्हणणे मागितले होते. दोष तारेत निघाला तर कचरू घरी.

"भाऊजी, साऱ्या लाइनीनं फिरलो मी," सकाळी कचरू सायकल धरून दारात म्हणाला होता. "येक फांदी लागून नाही राह्यली तारेले. तुमी त सांगा त्याईले."

सांगतो, जानराव म्हणाले. फांदी नाही हे त्यांना ठाऊकच होते. फांदीने वाटेतच वीज ओढली असती तर काटा रोजच्यापेक्षा पुढे पळाला असता. पण फांदी नाही म्हटले की मागे जे उरते, त्याच्याजवळ मन जात नव्हते, तापल्या तव्याजवळ हात जात नाही तसे...

देऊळगावच्या कळीवर हिंमतराव. कित्येक वर्षांत तोंड पाहिले नव्हते, पण हात ओळखीचा — तारेवर ज्याचा त्याचा हात वेगळा, आवाजासारखा. कामाच्या तारा संपल्या की इंग्रजी अक्षरांत बसवलेली आपली बोली सुरू. जेवलात का दादा? एकदा घरी या ना दादा. आणि गेलो की मी, लाइन रुसायच्या आदल्याच आठवड्यात. पाट मांडलेले, पुरणाचा वास, आणि त्याच्या आईने, झुंबरबाईंनी, सहज विचारले, "कोनाचे म्हनायचे तुमी?" मीही सहज सांगितले, आम्ही बौद्ध. हिंमतराव हसला. "चला दादा, घरात धूर लई झाला, हाटेलात जेवू." हाटेलात त्याने आग्रह करकरून भाजी वाढायला लावली, बसस्टँडवर खिडकीशी उभा राहिला, गाडी हलेपर्यंत हसत राहिला... शिवी दिली असती तर शिवी तरी देता आली असती.

बाहेर पत्र्यावरून दव अजून टपकत होते. जानरावांनी कळीवर बोट नव्हे, रंगरावांसारखी सगळी मूठ ठेवली. जड, अडखळत, आखूड ठोकेही लांबवत त्यांनी हाक टाकली.

उत्तर ताबडतोब आले.

"नमस्कार मास्तर. आज सकाळीच तुम्ही?"

"हो."

"जानराव नाही ना?"

त्यांचीच मूठ, पण हात रंगरावांचा.

"नाही."

"मग बोला निवांत. जेवलात का?"

रंगराव आतून ओरडले, "काय, गेला का रुसवा बाईचा?" बुलढाण्याच्या कळीकडे वळून जानरावांनी कळवले: तार शाबूत, लाइनमनचा दोष नाही, दोष देऊळगावच्या टोकाला. लगेच साहेबांचा प्रश्न आला: दोष कशाचा? यंत्राचा की माणसाचा? कारण कळवा.

कारण... ते कळवायचे तर त्या पाटांपासून सुरुवात करावी लागेल, खात्याच्या भाषेत, मोजक्या शब्दांत. आणि न कळवावे तर फांदी पुन्हा तारेला टेकणार. हिंमतराव मुद्दाम बोलत नाही हे कळले की दुखेल, असे त्यांना इतके दिवस वाटत होते. दुखत नव्हते. उलट मघाशी 'नाही' म्हणताना क्षणभर कसे हलके वाटले होते — इथे मी नाही, मी नाहीच — आणि बुलढाण्याचा खटका पुन्हा पुन्हा कारण विचारत असताना जानरावांना हिंमतरावाची नव्हे, त्या हलकेपणाची किळस येऊ लागली.