डाव्या हाताची वेणी

"थांबा! हात नका लावू त्याला!"

हिरामण मिस्त्री असा ओरडला, की गाडीचा मालक गिरधर दोन पावलं मागेच सरकला. बुऱ्हानपुरात जुन्या गाडीचं स्टेअरिंग खोलावं तर हिरामणनंच. पण आत्ता पाइपातून उपसलेला स्टेअरिंगचा दांडा मांडीवर घेऊन तो नुसता बघत बसला होता. दांड्याच्या वरच्या टोकाला, जिथं दांडा घट्ट धरणारा बुश बसतो तिथं, केळीच्या खोडाच्या वाळल्या सालीची, सोपटाची, वेणी गुंडाळलेली होती. तेल पिऊन काळीभोर झालेली.

आता कुणी म्हणेल, वेणीच ती, त्यात दचकायचं काय? अहो, पण ही अक्कल हिरामणचीच! जुन्या अँबॅसिडरचा बुश मिळेना, तेव्हा गावात ढिगानं पडलेलं सोपट तेलात मुरवून त्यानं अशी वेणी घालायची युक्ती काढली होती. ती येत होती दोघांनाच. एक तो, दुसरा त्याचा मुलगा धर्मेंद्र. आणि ही वेणी उलटी वळलेली होती. धर्मेंद्र डावखुरा.

बारा वर्षांपूर्वी पोरानं गिऱ्हाइकाची एक गाडी बिघडवली, तेव्हा हिरामणनं त्याला भर दुकानात झोडपलं आणि वर म्हणाला, "चालता हो. तू मला मेलास." पोरगं गेलं ते गेलंच. तापीत जीव दिला असेल, असं लोक म्हणायचे. हिरामणलाही आतून तेच वाटायचं, फक्त बायकोसमोर त्यानं कधी तोंड उघडलं नव्हतं.

"कोनी बांधलं हे?" त्यानं कसंबसं विचारलं.

"आमच्या अमरावतीच्या धरमभाऊनं," गिरधर म्हणाला. "लय गुणी मिस्तरी. डाव्या हातानं पाना धरते, पण काम पाहा! इथं लग्नाला येताना धारणीच्या घाटात खडखड सुरू झाली, म्हणून तुमच्याकडं आलो, नाहीतर त्याच्याकडंच नेली असती."

"जिंदा है?" हिरामणच्या तोंडून हिंदीच बाहेर पडलं.

"म्हणजे? ठणठणीत हाये. बायको हाये, लहान पोरगी हाये."

देवा रे! हसावं की ऊर बडवावं, हिरामणला काही सुचेना. ओरडणं ऐकून मागच्या घरातून त्याची बायको मालूबाई केव्हाच दारात आली होती. चौकटीला धरून ती उभी होती.

"भाऊ, आईबापाचं काय सांगतो तो?" तिनं विचारलं.

"बाप मेला म्हणते, ॲक्सिडेंटात. आई विधवा हाये, मामाजवळ राहते. दरसाली आणतो म्हणते, आणत मात्र नाही."

मालूबाईचा हात आपोआप कपाळाकडं गेला. टिकली जागच्या जागी होती. गिरधरनं तिच्याकडं पाहिलं, मग हिरामणकडं, आणि बिचाऱ्याचा चेहरा पडला.

"माफ करजा, वहिनी," तो म्हणाला. "चलत असाल तर मी नेतो तुम्हाला. माझ्या तोंडून तिथं शब्द निघणार नाही." आणि गाडी उद्या नेतो म्हणून तो लग्नघरी निघून गेला.

मग मालूबाई फुटली. "ऐकलं? तुमच्या जितेपणी पोरानं मला रंडकी करून टाकली! तुम्ही त्याले मारलं, त्यानं तुम्हाले मारलं. फिट्टंफाट झाली तुमची. मधात मी कोन?"

"मी येतो तुझ्यासंग. पाय धरतो त्याचे."

"तुम्ही? मेलेला मानूस दारात उभा राहिला तर त्याच्या बायकोनं काय समजावं? नवरा खोटारडा? पोराचा संसार मोडायला चालले का?"

"मग तू तरी कशी जाशील?" त्यानं तिच्या कपाळाकडं बोट केलं.

"माझं कुंकू मी कोनासाठी काढनार नाही. सांगून ठेवते," ती म्हणाली आणि आत जाऊन मोठमोठ्यानं रडली.

हिरामणनं दांडा घासून साफ केला. पोराची झिजलेली वेणी त्यानं हलक्या हातानं सोडवली. नवं सोपट तेलात मुरवून त्यानं वेणी घातली, आपल्या पद्धतीची, सरळ. पुढं कधी अमरावतीत हा पाइप खोलला, तर खोलणारा धर्मेंद्रच असणार. खोलल्यावर त्याला काय वाटेल, रागच येईल की काय, ते हिरामणला ठाऊक नव्हतं. दांडा पाइपात बसवून त्यानं चाक दोन्हीकडं पूर्ण फिरवून पाहिलं. घाट होता पुढं, आणि गाडीत मालूबाई बसणार होती.

दुसऱ्या दिवशी ती नवं लुगडं नेसून आली. टिकली नेहमीपेक्षा मोठी लावलेली. हिरामणला बरं वाटलं. नातीसाठी घेतलेल्या मावा जिलेबीचा पुडा मांडीवर धरून ती मागच्या सीटवर बसली.

"सांभाळून चालवा," तो गिरधरला म्हणाला.

गाडी निघाली. हिरामणनं हात वर केला. मालूबाईनं त्याच्याकडं पाहिलं नाही. तिनं मंगळसूत्र पोलक्यात सारलं, नखानं कपाळावरची टिकली काढली आणि खिडकीच्या काचेला, परत येताना सापडेल अशी, नीट दाबून चिकटवली.