वळणावरची विहीर

काल दुपारी बारा वाजता उकंडराव गोदामात आले. त्यांनी माझ्यावरची विहीर दोन बोटांत धरली, उपटली आणि सदऱ्याच्या खिशात घातली. मागे त्यांच्या पत्नी रुख्मिणीबाई उभ्या होत्या. समोर भागवत हातात फडकं घेऊन रूळ पुसत होता. त्याने त्यांना अडवलं नाही.

मित्रांनो, मी एक जुना रेल्वेचा देखावा आहे. वयाने फार जुना नाही, पण प्लायवुड दोन पावसाळ्यांत म्हातारं होतं. माझ्यावर डोंगर आहे, नाला आहे, एक स्टेशन आहे आणि फिरून जागेवर येणारे रूळ आहेत. कालपर्यंत विहीरही होती. आता तिथे डिंकाचं पिवळं कडं उरलं आहे.

आमच्या धाड गावाला रेल्वे नाही. गाडी पकडायची तर आधी एसटी किंवा जीप, मग जालना नाहीतर मलकापूर. तरी इथल्या चौघांना रेल्वेचं वेड होतं. भागवत विहिरीच्या मोटारींचं वाइंडिंग करायचा. सारिका मॅडम शाळेत चित्रकला शिकवायच्या. निवृत्ती सुतार होता आणि शेखर मोबाइल दुरुस्त करायचा. त्यांनी रेल्वे छंद मंडळ काढलं आणि मला बांधायला घेतलं.

निवृत्तीने टेबल केलं. भागवतने केसाएवढ्या तारेने इंजिनाची मोटार गुंडाळली. पहिली जळली, दुसरीही जळली, तिसरी चालली. शेखरने घराघरांत दिवे लावले. सारिका मॅडमचा एकच नियम होता: मनाने रचलेलं काही ठेवायचं नाही. झाड ठेवायचं तर ते गावात जाऊन पाहायचं, मोजायचं आणि मग लावायचं. त्या टेप घेऊन शिवारभर फिरल्या. उकंडरावांच्या वावरातली विहीर त्यांनी कठड्याच्या पडलेल्या दगडासकट केली. शेजारच्या दोन चिंचाही केल्या, एक सरळ आणि एक वाकलेली. भुसा हिरवा रंगवून हरभरा पेरला. रुख्मिणीबाईंच्या वांग्यांच्या वाफ्यांसाठी लोकरीचे गोंडे कातरले.

मोजता आले नाहीत ते फक्त रूळ आणि त्यांच्यावरचं स्टेशन. जी वस्तू गावातच नाही, तिला टेप कुठे लावणार? रूळ टेबलाच्या सोयीने टाकले. टेबल संपत आलं की गाडी परत फिरली पाहिजे, म्हणून विहिरीपाशी वळण आलं. माझ्यावर बाकी सगळं खरं होतं, रूळ आणि स्टेशन तेवढी खोटी. लोकांनी नेमके रूळच खरे धरले.

मागच्या हिवाळ्यात शाळेच्या हॉलमध्ये माझं प्रदर्शन भरलं. बाजारचा दिवस होता, त्यामुळे पिशव्या घेऊन माणसं थेट आत येत होती. शेखरने शिट्टी वाजवली आणि गाडी सुटली.

"गाडी तं आली बे, पन टेसनावर थांबत काऊन नाही?" एक म्हातारा ओरडला.

"अजून तिकीट फाडलं नाही तुमी, आबा!" शेखर म्हणाला. हॉल हसला. त्या दिवसाइतकं कौतुक मी पुन्हा कधी ऐकलं नाही.

मग उकंडराव आणि त्यांचा धाकटा भाऊ गोकुळ पुढे आले. दोघांचं वावर तेव्हा एकत्र होतं. वाटणीची बोलणी मात्र सुरू होती.

"गोकुळ, हे आपली इहीर व्हय बे!" उकंडराव खाली वाकले. "वाकडी चिच पाह्य. अन् हे रेल्वे वरच्या माळातून जाऊन राह्यली."

"सर्वे झाला असंन, दादा," मागून कोणीतरी म्हणालं.

उकंडरावांनी भागवतला विचारलं, "खरंच्या मापानं केलं का रे हे?"

भागवतची छाती फुगली. "एक झाड इकडचं तिकडं नाही, भाऊ. टेप लावून केलं."

झाडांबद्दल ते खरं होतं. रुळांबद्दल कोणी विचारलं नाही आणि त्याने सांगितलं नाही. संध्याकाळपर्यंत माझा फोटो गावातल्या सगळ्या मोबाइलवर फिरला होता.

उकंडराव निघून गेल्यावर गोकुळ थांबला. त्याने वळणावर बोट ठेवलं. "भागवत, हे इथंच काऊन वळते?"

"टेबल संपते ना तिथं! नाही वळवलं तं गाडी खाली पडन."

"म्हंजे सर्वे-गिर्वे काही नाही?"

"कायचा सर्वे बे! खेळ हाये हा."

गोकुळ हसला. भागवतही हसला. पिशवी विसरलेल्या रुख्मिणीबाई तेवढ्यात दारातून आत आल्या. त्यांनी हसू पाहिलं, शब्द ऐकले नाहीत. शब्द मी ऐकले.

पुढच्या महिन्यात पंचांसमोर वाटणी झाली. उकंडरावांनी मोठेपणाचा मान म्हणून वरचा माळ मागून घेतला. तिथून रेल्वे जाणार आणि सरकार जमिनीचा मोठा मोबदला देणार, अशी त्यांची खात्री होती. विहिरीचा तुकडा गोकुळला गेला. रुख्मिणीबाईंनी घरी विरोध केला होता. "लोखंडाले पानी देता का तुमी?" असं त्या म्हणाल्या होत्या. पाण्याच्या पाळीचं काय, हे त्यांनी पंचांनाही विचारलं. "भाऊ भावाले पानी नाही म्हनन का, वहिनी?" असं गोकुळ सगळ्यांसमोर म्हणाला. म्हणून ते कागदावर घेतलं नाही.

उन्हाळा लागला तसं त्याने विहिरीवरच्या मोटारीच्या पेटीला कुलूप लावलं. माळावर पाणी नाही. रुख्मिणीबाईंचे वांग्यांचे वाफे विहिरीखाली होते, ते गोकुळकडे गेले. माळावर लावलेली रोपं त्या दोन हंड्यांनी जगवत होत्या. ती आता वाळत आहेत. धाडच्या बाजारात त्यांची जागा ठरलेली होती. तिथे दुसरी बाई बसते.

याच काळात माझंही घर गेलं. शाळेला हॉल हवा होता. सारिका मॅडमची बदली झाली, निवृत्ती मुलाकडे गेला, शेखरने अंग काढून घेतलं. एकट्या भागवतने मला कुठे ठेवावं? तेव्हा गोकुळने स्वतःहून आपलं रस्त्यावरचं पत्र्याचं गोदाम दिलं. "राहू दे इथं, जवरोक पाह्यजे तवरोक," तो म्हणाला. भागवतच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

काल बारा वाजता उकंडरावांनी विहीर उपटली ती याच गोदामात.

"भागवतभाऊ," रुख्मिणीबाई म्हणाल्या, "उद्या पंच बसून राह्यले. ते म्हनतात, गोकुळनं जानून फसवलं असंन तं वाटनी मोडू, नाही तं झाली ते झाली. तुमी एवढंच सांगा, त्याले त्या दिवशीच माहीत होतं का नाही?"

"मले आठवत नाही, वहिनी."

"मी पिशवी घ्याले मांघारी आली, तवा तुमी दोघं ह्या वळनापाशी हसून राह्यले होते."

"हसलो असंन. गाडी पडली असंन रुळावरून."

"भाऊ, माह्या घरात पानी नाही. अन् तुमी गाडी सांगता मले?"

भागवतने फडकं पिळलं. ते कोरडंच होतं.

उकंडराव दाराकडे वळले. "चाल वं. ज्यानं छप्पर देलं त्याच्या इरोधात कोन बोलते? हे बाहुलीची इहीर तेवढी नेतो घरी. थेंब तं तिच्यातही नाही."

ते दोघे गेल्यावर भागवतने गाडी सुरू केली. तीन फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीत ती त्या रिकाम्या कड्याजवळून वळली. मग त्याने बटण बंद केलं आणि माझ्याकडे पाठ करून बसला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूने शेवटी तुम्हाला सांगायचं असतं की आम्हाला जपा, धूळ पुसा, अडगळीत टाकू नका. मी ते सांगणार नाही. भागवत मला जपतो आहे, म्हणूनच तो गप्प आहे. तो बोलला तर गोकुळ मला त्याच दिवशी रस्त्यावर काढेल. पहिल्या पावसात माझ्या प्लायवुडचे पदर सुटतील, डोंगर बसेल, रूळ गंजतील. हे मला ठाऊक आहे. तरी मी म्हणतो, मला काढू द्या. एका बाईच्या पाण्याच्या बदल्यात कोरडं राहणं मला नको आहे. पण मला तोंड नाही. जे मी ऐकलं ते सांगू शकेल असा माणूस एकच आहे, आणि त्याला आठवत नाही.

तुम्ही कधी असं काही बांधाल, तर त्यातलं खोटं काय ते आधी सांगा. विचारण्याची वाट पाहू नका.

आज सकाळी दहाला पंच बसणार होते. भागवत रोज नऊला माझ्यावरचं कापड काढतो. आज तो आला नाही. त्याचं दुकानही बंद असल्याचं रस्त्यावरून जाणारी माणसं बोलत होती. तो पंचांकडे गेला की सकाळच्या एसटीने बाहेरगावी, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. अकराच्या सुमाराला गोदामाच्या दारात गोकुळचा ट्रॅक्टर येऊन उभा राहिला. इंजिन चालू आहे. दार अजून कोणी उघडलेलं नाही.