मयताच्या पायाला गुदगुल्या

लुहेंदे गेल्याचा निरोप भाऊबंदांच्या आधी कापायाकडे आला. तो तसाच यायचा असतो. कापायाचं घराणं आणि लुहेंदेचं घराणं आजे-पणज्यांपासून एकमेकांचे मतानी, म्हणजे थट्टेचे सोयरे. मतान्यानं वाटेत गाठून शिव्या द्याव्यात, अंगणातलं कोंबडं उचलून न्यावं, भर बाजारात टोपी उडवावी, आणि समोरच्यानं दात काढून हसावं. जो रागावला त्याचीच गावात छी-थू होते. आणि दोघांतला एक मेला, की दुसऱ्यानं मयताला येऊन लोकांना हसवायचं. रडायला बाकीचं गाव असतंच.

कापाया निरोप ऐकून जंगलाच्या वाटेनं निघाला. मध्येच एका झाडाखाली बसून त्यानं पोटभर रडून घेतलं. वर फांदीला लुहेंदेचं नळकांडं टांगलेलं होतं, पोळ्यासाठी झाडाच्या सालीचं केलेलं, मधमाश्या आपल्या उद्योगात होत्या. तीस-पस्तीस वर्षं दोघांनी एकमेकांचा मध चोरून खाल्ला होता. लुहेंदेइतकं त्याला जगात कुणी प्यारं नव्हतं, आणि हे त्यानं एकदाही लुहेंदेला सांगितलं नव्हतं. मतान्यानं असलं काही सांगायचंच नसतं. नाक पुसून तो उठला आणि चेहरा कामाला लावला.

लुहेंदे आठवडाभर तापानं फणफणला होता. पोटात अन्नाचा कण नाही. त्या दिवशी सकाळी हलवला तर हलेना, अंग गार. दवाखान्यातली बाई कामासाठी ताबोरा शहराला गेलेली. मग गावच्या वडीलधाऱ्या म्हाताऱ्यानं नाकाशी कापूस धरला, कापूस हलला नाही, आणि म्हातारा म्हणाला, संपलं. आंघोळ घातली ती दोन थेरड्यांनी. त्यांना एकमेकांची तोंडं धड दिसत नव्हती, पण मान त्यांचा होता.

कापाया अंगणात शिरला तो लुहेंदेची जुनी टोपी घालून, लुहेंदेसारखा डावा पाय ओढत. बायकांचा आक्रोश अर्ध्यावर थांबला.

"कोण म्हणतं मेला?" तो ओरडला. "मध काढायचा हंगाम आला की हा दरसाल मरतो! कामचुकार मेला!"

एक-दोघी फिस्सकन हसल्या. कापाया थेट लुहेंदेच्या बायकोसमोर, काबुलासमोर, जाऊन बसला. "ए बायको, रडतेस कशाला? ब्याद गेली. उद्यापासून माझी मक्याच्या पिठाची उगाली रांध. मीठ मात्र घालत जा, त्या गाढवाला अळणी चालायचं."

"तुझ्या तोंडाला आग लागो," काबुला म्हणाली, आणि रडता रडता तिला हसू फुटलं. यासाठीच तर मतानी हवा असतो.

घरामागं, कसाव्याच्या वाफ्यापलीकडे, खड्डा तयार होता. कापायानं आधी स्वतःच त्यात उडी घेतली आणि आडवा झाला. "जागा माझी! कोंबडं द्या, तर उठतो."

लुहेंदेची थोरली बहीण न्यामिझी पुढं आली. तोंडाची फाटकी, मनाची कडक बाई. तिनं एक तांबडी कोंबडी खड्ड्यात भिरकावली. "घे, आणि तूही मर!"

"तुझ्या आधी नाही मरायचा, म्हातारे. तुझ्या मयताला बैल घेणार आहे मी."

हशा पिकला. कापाया कोंबडी बगलेत मारून वर आला. मयत कडेला आणून ठेवलं होतं, दोरीच्या बाजेवर, पांढऱ्या कापडात. आता शेवटची थट्टा राहिली होती. कापाया मनातून पार मोडला होता, पण हात सवयीनं चालले. त्यानं पायांवरचं कापड सारलं आणि लुहेंदेच्या तळव्याला गुदगुल्या केल्या.

"ऊठ रे आळशा! माझ्या पाठीवर बसून किती दिवस खाशील?"

लुहेंदेचा अंगठा आखडला.

कापायाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. त्यानं पुन्हा बोट फिरवलं. अंगठा पुन्हा आत वळला, हळूच, झोपेतल्या पोराचा वळतो तसा.

"अरे!" त्याचा आवाज चिरकला. "हा जिवंत आहे! जिता आहे हा!"

सगळा जमाव खो खो हसला.

का नाही हसणार? प्रत्येक मयताला मतानी हेच ओरडतो. न ओरडला तर लोक म्हणतात, याला थट्टा येत नाही. एक म्हातारी तर डोळे पुसत म्हणाली, "यंदा बरा करतोय हो. आवाज बघा कसा काढला."

"थट्टा नाही! पाय हलवला त्यानं! बघा, या, हात लावून बघा!"

"तू लाव हात, तुझाच नवरा तो!" मागून कुणीतरी टोमणा मारला, आणि पुन्हा हशा. चार गड्यांनी बाजेखाली हात घातले. कापायानं बाजेवर अंग टाकलं. बगलेतली कोंबडी फडफडत निसटली, ती कुणाच्या पायांतून पळाली आणि लोक तिच्यावरही हसले.

आजवर कापायाच्या एका शब्दावर माणसं लोटपोट व्हायची, आणि त्याला त्याचा भारी तोरा होता. आता तोंडातून निघालेलं प्रत्येक अक्षर थट्टा होऊन लोकांच्या कानात शिरत होतं. तो वडीलधाऱ्या म्हाताऱ्याच्या पायाशी गेला. "बाबा, तुमच्या पाया पडतो. थोडं थांबा. मला कोंबडं नको, दारू नको. माझी गाय घ्या, पण थांबा."

"मतानी द्यायला निघाला!" म्हातारा बोळकं पसरून हसला. "हे नवीन आहे. आमच्या काळात नव्हतं."

मग कापाया रडला. खरंखुरं, हुंदके देऊन, नाकातोंडातून पाणी काढत. ते पाहून तर पोरी एकमेकींच्या अंगावर कोसळल्या. मतानी रडतो! असलं सोंग कुणी बापजन्मात पाहिलं नव्हतं.

न्यामिझी मात्र हसत नव्हती. "पुरे कर. ऊन चढलंय. माझ्या भावाला जाऊ दे आता. ओढा रे याला बाजूला."

दोन तगड्या गड्यांनी त्याला काखेत धरून ओढलं. बाज उचलली गेली. कापायाचे पाय मातीत घासत होते, आणि खड्डा चार हातांवर होता. सुटायची काही आशा नव्हती. मान वळवून तो काबुलाकडे बघत राहिला, आणि त्याच्या तोंडून निघालं, "वहिनी."

काबुलाचं हसू थांबलं.

लग्न होऊन ती या घरात आली त्या दिवसापासून हा माणूस तिला बायको म्हणत आला होता. कधी चेटकीण, कधी सुकलेलं रताळं. तिच्या बाळंतपणात, तिच्या आईच्या मयतात, कधीही त्यानं तिला वहिनी म्हटलं नव्हतं. म्हणायचंच नसतं. असा मान दिला की नातं तुटतं.

"काय म्हणालास?"

"वहिनी, तुमच्या पायाची शपथ. एकदा बघा. नसेल तर मलाही त्यात पुरा."

"खाली ठेवा," काबुला म्हणाली.

"अगं, वेडी का तू?" न्यामिझी तिच्या अंगावर धावली. "मयत उघडायचं नसतं! त्याच्या थट्टेपायी—"

"खाली ठेवा म्हणते ना!"

बाज खाली आली. काबुलानं कापड फाडलं. नाकाशी हात धरला, काही नाही. छातीला कान लावला, बराच वेळ लावला. लोक कुजबुजायला लागले. कापायाला वाटलं, आपलंच चुकलं, दुःखानं आपलंच डोकं फिरलं. तेवढ्यात काबुलानं दोन बोटं लुहेंदेच्या जबड्याखाली दाबली, तिथं नाडी बारीक लागत होती, आणि ती अशी किंचाळली, की चुलीपाशी पीठ घोटणाऱ्या बायकांच्या हातातले दांडे सुटले.

पुढं एकच पळापळ. म्हाताऱ्याची बोबडी वळली, तो 'कापूस, कापूस' एवढंच म्हणत बसला. दोन गडी भुताच्या भीतीनं शेतातून पळत सुटले ते संध्याकाळी परत आले. कुणीतरी मोटारसायकल आणली, मध्ये लुहेंदे, मागं त्याला धरून कापाया, असे ते शहराच्या दवाखान्यात गेले. तापानं आणि उपासानं रक्तातली साखर पार संपली होती, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. बाटली लावली. इकडे गावात मयताचं जेवण शिजून तयार, आणि ते खावं की टाकावं हे कुणाला कळेना. शेवटी पोरांनी खाल्लं.

लुहेंदे शुद्धीवर आला तेव्हा कापाया उशाशी होता.

"तू इथं काय करतोस, चोरा?" लुहेंदे पुटपुटला. "माझा मध कुणाच्या भरवशावर ठेवलास?"

कापायाला एक झकास शिवी सुचली होती. पण तिच्या आधी रडूच आलं असतं, म्हणून तो बाहेर जाऊन उभा राहिला.

लुहेंदे घरी आला त्या आठवड्यात न्यामिझी कापायाच्या अंगणात आली. कापाया सालीचं नळकांडं वेलीनं आवळत होता. तो काहीतरी चावट बोलणार होता, तोच त्याला तिचा चेहरा दिसला. एवढ्या दिवसांत ती पार खंगली होती.

ती बसली नाही. "माझ्या शिजाच्या वेळीही तू ओरडला होतास."

कापायाच्या हातातली वेल ढिली पडली.

शिजा तिचा धाकटा. मागच्या उन्हाळ्यात गेला. तोही तापानं.

"जिता आहे, जिता आहे, असं म्हणालास," न्यामिझी म्हणाली. "सगळे हसले. मीसुद्धा हसले. माझं लेकरू खड्ड्यात उतरवत होते आणि मी हसले. रात्रंदिवस तोच आवाज येतोय कानात. मला खरं सांग. त्या दिवशी तू थट्टा केलीस, का काही पाहिलं होतंस?"

कापायाला तो दिवस लख्ख आठवला. सकाळपासून ज्वारीची दारू प्यायला होता तो. खड्ड्यापर्यंत गेलाच नव्हता. लांब आंब्याखाली बसून, मान वर न करता, म्हणायचं म्हणून ते वाक्य त्यानं फेकलं होतं. पोराच्या पायाला त्यानं हात लावला नव्हता. तळव्याला गुदगुल्या केल्या नव्हत्या. अंगठा आखडला असता की नसता, हे त्याला ठाऊक नव्हतं. ते आता कुणालाच कधी कळणार नव्हतं.

न्यामिझी वाट बघत होती.

"पाहिलं होतं मी," कापाया म्हणाला. "अगदी जवळ जाऊन. पाय हातात घेतला होता त्याचा. दगडासारखा गार होता. गुदगुल्या केल्या, काही नाही. डोळ्याची पापणीसुद्धा उघडून पाहिली. गेला होता तो, न्यामिझी. केव्हाच गेला होता. मग ओरडलो, थट्टा म्हणून."

"खरं?"

"खरं."

तिनं त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं. तिथं हसण्याची एक रेघसुद्धा नव्हती. मग ती मटकन खाली बसली, त्याचे मातीनं भरलेले दोन्ही हात तिनं कपाळाला लावले आणि ती मोकळेपणानं रडू लागली. तिनं पुन्हा काही विचारलं नाही. कापायाच्या शब्दावर इतक्या पटकन आजवर कुणीच विश्वास ठेवला नव्हता.