माझ्या जोरावर घेतलेली शपथ

मित्रांनो, मी एक जुने क्रियापद आहे. 'असणे' हे माझे काम. इंग्लंडातल्या सॅक्सन शेतकऱ्यांनी मला दिवसभर राबवले. शाबासकी मात्र मोठमोठ्या शब्दांना दिली.

माझे अंग एकसंध नाही. तीन धातूंची ठिगळे जोडून मी झाले. समोर आहे त्याला 'इस', पुढे होणार किंवा नेहमीच असते त्याला 'बिथ', सरले त्याला 'वॅस'. हा तिसरा मुळात 'राहणे' सांगणारा. संस्कृतातले अस्, भू आणि वस् ही त्यांचीच भावंडे. सॅक्सनांचे जुने भाऊबंद गॉथ लोक मला 'इस्ट' म्हणत. इथे इंग्लंडात शेवटचा ट झिजला.

एकदा हुनवाल्ड नावाच्या शेतकऱ्याचा बैल चोरल्याचा आळ त्याच्याच गावच्या डुड्डावर आला. त्याने नाकबुलीची शपथ घेतली. आता त्याच्या बाजूने एकेका शेजाऱ्याने म्हणायचे होते, "डुड्डाची शपथ शुद्ध आहे, खोटी नाही." एक शब्द जास्त झाला तरी शपथ फुटायची, आणि खरेखोटे पारखायला डुड्डाच्या तळहातावर तापलेले लोखंड यायचे. ते लोखंड जवळच निखाऱ्यांत लाल होत होते.

शेवटचा शेजारी टिल्ली. थट्टेची फोडणी दिल्याशिवाय याच्या तोंडून वाक्य बाहेर पडत नसे.

"टिल्लीभावजी, आज तोंडाला आवर घाला हं," डुड्डाची बायको क्वेनबुर्ग कुजबुजली.

"वहिनी, मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

बाकीचे नीट बोलून गेले. टिल्ली पुढे झाला. "डुड्डाची शपथ शुद्ध आहे, खोटी नाही." अगदी बिनचूक! डुड्डाचे खांदे सैल पडले. लोक टिल्लीकडे पाहून हसले, आणि तिथेच घात झाला. समोर हसू दिसले की त्याला चारा घालायची टिल्लीची खोड.

"निदान या खेपेला तरी!"

सगळे खो-खो हसले. न्याय करायला बसलेला राजाचा कारभारी हसला नाही.

"शपथ फुटली."

"अहो, थट्टा केली मी!"

"मग हसून झालं असेल तर बाजूला हो."

डुड्डा निर्दोष होता. तरी तो निखाऱ्यांकडे गेला. क्वेनबुर्गने टिल्लीकडे पाहिले. "भावजी, उद्यापासून आमचा नांगर तुम्ही धरायचा."

मित्रांनो, माझी निगा सोपी आहे. मला तेल नको, धार नको. एखादी गोष्ट खरी आहे, एवढे म्हणून झाले की थांबा. हसू काय, मागाहूनही मिळते.