कोरडी टाकी

मी एक जुनी, दोन जिवांची गाडी आहे. हसू नका मित्रांनो! माझ्या पोटात विजेची बॅटरी आहे आणि पेट्रोलचं इंजिनही. लोक मला प्लग-इन हायब्रिड म्हणतात. नुसत्या विजेवरच्या गाड्यांना वाटेत चार्जिंग संपण्याचा घोर असतो. मला तो नव्हता, कारण माझ्या मदतीला पेट्रोल होतं.

पुण्यात एका डॉक्टरीणबाईंकडे माझी उमेदीची वर्षं गेली. मग जुन्नरकडच्या डिंगोरे गावच्या गोरखने मला विकत आणलं. बेल्ह्याच्या बाजारात तो मिशीला पीळ देऊन सांगायचा, "लई दिस झालं राव, पेट्रोलचा थेंब नाय टाकला!" लोक वाहवा करायचे. टाकी मात्र कोरडी पडली होती.

घरच्या वायरिंगला माझा भार सोसेना, म्हणून तो मला उसाजवळच्या पंपाच्या खोलीपाशी चार्जिंगला लावायचा. शेतीची लाईट कधी दिवसा, कधी रात्री. त्या आठवड्यात पाळी रात्रीची होती आणि उसात बिबट्या होता. मला तिकडे लावायला कोणाचा जीव धजेना. मी अर्धपोटीच अंगणात उभी राहिले.

अशातच तिन्हीसांजेला गोरखच्या लेकीला, समृद्धीला, घोणस चावली. तिला पोटाशी धरून तिची आई वृषाली मागे बसली. जुन्नरच्या दवाखान्याच्या अर्ध्या वाटेत, दोन्हीकडे ऊस असताना, माझी बॅटरी संपली. इंजिन दोनदा खोकलं आणि गप्प झालं.

"आवं, थांबला का? पाय सुजतोय पोरीचा!" वृषाली ओरडली.

"पेट्रोल न्हाई," गोरख पुटपुटला.

त्याने ओळखीच्या कमरुद्दीनला फोन केला. त्याचा भाजीचा टेम्पो जुन्नरहून निघाला, पण थांबून राहायला धीर कोणाला होता? उसात वाळलेलं पाचट वाजलं. गोरखने लेकीला उचललं. बिबट्याने दूर राहावं म्हणून आमच्याकडच्या रीतीप्रमाणे दोघं मोठमोठ्याने गाणी म्हणत चालू लागली. गाणी कसली, रडणंच ते! हळूहळू आवाज लांब गेला, मग ऐकूच येईना. पोर गेली, असंच मला वाटत राहिलं.

टेम्पो वेळेवर भेटला म्हणून ती वाचली. हे मला दुसऱ्या दिवशी, ओढून नेताना कळलं.

मित्रांनो, अडीअडचणीचा आधार फुशारकीपायी उपाशी मारू नका. आता माझी टाकी भरलेली असते. तरी समृद्धी दार उघडून आधी पेट्रोलचा काटा बघते. मग विचारते, "आप्पा, खरंच हाय ना?"

गोरख हो म्हणतो, पण ती आत बसत नाही.